एक कवडी पडली की आउट

मुठीतल्या सहा कवड्या कानाशी नेऊन खुळखुळवायच्या, डोळे गच्च मिटायचे आणि सतरंजीवर फेकता फेकता ओरडायचं, "आधी पत्ता वाचा, मंग बोंबला!" अमरावतीच्या कोर्टातल्या आमच्या बार रूमचं दार उघडं असलं की ही आरोळी बाहेर झाडाखाली बसलेल्या पक्षकारांपर्यंत जायची. नवा पक्षकार दचकायचा. जुना त्याला समजावायचा, "काही नाही बाप्पा, आपले वकील क्रिकेट खेळून राहिले."

आपले वकील म्हणजे आबासाहेब. आडनाव सांगत नाही. अमरावतीत ज्याला ओळखायचं तो ओळखेल, इतरांना आडनाव घेऊन करायचंय काय! देह आडवा, आवाज मोठा, कोटाची बटणं कायम एक घर चुकलेली. कोर्टात उभे राहिले की शुद्ध पुस्तकी बोलत, आणि बार रूमचा उंबरठा ओलांडला की वऱ्हाडी. मी तेव्हा नवा नवा वकील होतो. काम नव्हतं, त्यामुळे बघायला वेळ भरपूर. तुम्हीही कधी अशा माणसाच्या आसपास राहिला असाल, तर दिवस कुठं जातो ते कळत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

तो खेळ त्यांनीच काढलेला. पुढं अडू नये म्हणून आधी सांगून टाकतो. लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून त्यांनी पत्ते केले होते. एकेका पत्त्यावर एकेक खेळाडू, आणि खेळाडू सगळे खरे, आमच्या वऱ्हाडातल्या मैदानांवर खेळणारे. सहा कवड्या फेकायच्या. जितक्या उताण्या, म्हणजे तोंड वर करून पडतील, तितका आकडा. फलंदाजाच्या पत्त्यावर त्या आकड्यापुढं जे लिहिलं असेल ते झालं. एक फेक म्हणजे एक ओव्हर. चार पडल्या, आठ रन. दोन पडल्या, दोन रन. एकही पडली नाही तर आउट, मग तो कितीही मोठा लागून गेलेला असो. आणि मामुली फलंदाज एका कवडीलाही आउट. गोलंदाजांचे पत्ते वेगळे होते, पण त्यात तुम्हाला गुंतवत नाही.

एवढं मात्र ध्यानात ठेवा की एक कवडी पडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. कवडीची पाठ फुगीर असते, ती पाठीवर टिकत नाही, पालथी होऊन बसायला बघते. त्यामुळे पाच-सहा उताण्या पडणं कठीण, आणि एक पडणं अगदी रोजचं.

कोणाला किती द्यायचं हे आबासाहेब कसं ठरवत, ही खरी गंमत. तुम्ही म्हणाल, स्कोअरबुक बघून. छे! स्कोअरबुकाचा त्यांना मनस्वी राग. "त्याच्यात काय झालं ते असते," ते म्हणायचे. "काय होता होता राहून गेलं, ते कुठी असते?" म्हणून ते स्वतः मैदानावर जात. छत्री उघडून बोलरच्या पाठीमागे, उन्हात, खुर्ची टाकून बसत. कोटाच्या डाव्या खिशात तुरीचे दाणे. फलंदाजानं चेंडू हवेत मारला आणि निव्वळ नशिबानं वाचला, की एक दाणा डाव्या खिशातून उजव्यात. संध्याकाळी उजवा खिसा चाचपला की माणूस कळला! काकू मात्र वैतागायच्या. एकदा आम्हा चारचौघांसमोर म्हणाल्या, "वरणाला डाळ कमी पडली, जरा यांचा कोट आणता का?"

तर त्या साली नारायणाचा पत्ता निघाला आणि बार रूममध्ये आग लागली.

नारायण म्हणजे आमच्या अमरावतीचा जीव की प्राण. मूळ गाव तेल्हारा, बापाची काळी कसदार जमीन, पोरगा कॉलेजसाठी अमरावतीत आला आणि आमचाच होऊन गेला. डावखुरा. कव्हरच्या डोक्यावरून चेंडू असा उचलायचा की बघणाऱ्याच्या माना आपोआप मागे जायच्या. तो चेंडू वर असताना सबंध मैदान श्वास धरून उभं असायचं. आणि मग टप्पा पडला की कल्ला! तो एक फटका बघायला लोक दुकानं बंद करून यायचे. खोटं नाही सांगत, मी स्वतः एका तारखेला गैरहजर राहिलोय त्याच्यापायी.

अशा नारायणाचा पत्ता आबासाहेबांनी सतरंजीवर ठेवला. सहा कवड्या, वीस रन. हे आजवर कोणालाही मिळालं नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच कवड्या, सोळा. पुन्हा टाळ्या. वाचत वाचत खाली आलो आणि टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. एक कवडी: आउट. कव्हरच्या हातात क्याच.

"अहो, हे काय!" एक वयस्कर वकील ताडकन उठले. "एका कवडीला तर आमच्या कारकुनांच्या टीमचा शेवटचा गडी आउट होतो!"

"हो मंग," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "मारते तेव्हा राजा. पन आउट होते कारकुनासारखा."

दोन दिवसांत ही गोष्ट कॉलेजात पोचली आणि तिसऱ्या दिवशी नारायण बार रूमच्या दारात उभा. उंच, काळासावळा, रागानं नाक फुललेलं.

"आबासाहेब, मी एका कवडीत आउट? काहून?"

"बस. च्या घे."

"च्या नको. काहून ते सांगा."

"तू चेंडू उचलतं म्हणून."

"उचलतो त लोक टाळ्या वाजवतेत!"

"म्याही वाजवतो. छत्री खाली ठेवून वाजवतो. पन तेवढ्यात एक दाना इकडच्या खिशातून तिकडं जाते, त्याले काय करू?" आबासाहेब पुढं सरकले. "आपल्या इकडचे लोक क्याच सोडतेत, राजा. अकोल्याच्या त्या कव्हरवाल्या पोट्ट्याले पाय, त्याच्या हाताले जसं तूप लावलं असते. नागपुरात तूप लावून नाही येत कोनी."

नागपूरचं नाव काढलं आणि नारायणाचा चेहरा उतरला. कारण खरी गोष्ट तिथंच होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि प्रांताचा संघ नागपुरात निवडला जायचा. त्यासाठी तिथं एक सामना ठेवला होता आणि नारायणाला बोलावणं आलं होतं. बापानं तेल्हाऱ्याहून निरोप पाठवला होता, यंदा प्रांताच्या टीमात घेतलं तर खेळ, नाही तर मुकाट्यानं घरी ये, वावर सांभाळ, लग्न कर. बाप बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. म्हणजे नारायणाचं सगळं क्रिकेट त्या एका सामन्यावर टांगलेलं.

"फेकून पाय," आबासाहेबांनी कवड्या पुढं केल्या. "तुझा पत्ता, तुझा हात."

नारायणानं फेकल्या. एक पडली.

कोणीतरी फिस्सकन हसलं. नारायण तसाच पाठ फिरवून निघून गेला. आबासाहेब उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. मी म्हणालो, "एवढं वाईट वाटतं तर बदला ना पत्ता."

"पत्ता म्हंजे काय तीर्थप्रसाद हाये, मागन त्याले वाटाले?" ते माझ्यावरच डाफरले. पण त्या दिवशी त्यांनी पुन्हा कवड्यांना हात लावला नाही.

महिनाभरानं आम्ही अकोल्याला गेलो. अमरावतीचे वकील आणि अकोल्याचे वकील, असा कवड्यांचा सामना दरसाल व्हायचा. एक वर्ष आमच्याकडं, एक वर्ष त्यांच्याकडं. यजमानाच्या कवड्यांनी खेळायचं हा रिवाज. पूर्वी कधीतरी एकानं दुसऱ्याच्या कवड्या उचलून, उजेडाला धरून तपासल्या होत्या आणि त्यावरून दोन्ही गावांत वर्षभर अबोला झाला होता. तेव्हापासून ठरलं, पाहुण्यानं कवड्यांना हात लावायचा नाही. त्या पितळेच्या वाटीत घालून मिळायच्या, वाटी हलवायची आणि उपडी करायची. मोजणार यजमान, उचलणारही यजमान. वकील मंडळी! भांडण मिटवायला एकेक कलम घालतात आणि तेच पुढं गळ्यात येतं.

त्या साली अकोल्यात सामना पहिल्यांदाच एका नव्या यजमान वकिलांकडं होता; त्यांच्या बैठकीत काय गर्दी! शेजारीपाजारी खिडक्यांतून डोकावत होते. गोळाभात आणि कढी रिचवून सगळे मांडी घालून बसले. नारायण सुट्टीला घरी गेला होता, तो तेल्हाऱ्याहून मुद्दाम आला होता, पत्त्यावर आपले कसे धिंडवडे निघतात ते बघायला. भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा.

त्याचा पत्ता खेळायला आला. मी वाटी उपडी केली. चार! आठ रन. पुन्हा चार. मग पाच! सोळा! बैठकीत गलका. मग तीन, मग पुन्हा पाच. आणि मग, देवाशप्पथ सांगतो, सहाच्या सहा कवड्या तोंड वर करून माझ्याकडं बघत हसत होत्या. वीस रन! आमच्या मंडळींनी टोप्या उडवल्या. अकोल्याचे वकील कपाळाला हात लावून बसले. एक कवडी पडायची म्हणून जो तो वाट बघतोय, आणि ती पडायलाच तयार नाही. नारायणाच्या हाताची घडी कधी सुटली आणि तो कधी माझ्या शेजारी येऊन "टाक, टाक!" ओरडायला लागला, कळलंच नाही.

आबासाहेबांची अवस्था बघण्यासारखी होती. आपली बाजू जिंकतेय म्हणून हसत होते, आपला पत्ता हरतोय म्हणून घाम पुसत होते. सामना आम्ही जिंकला. आणि मग आबासाहेब उभे राहिले. नारायणाचा पत्ता हातात घेतला, सगळ्यांच्या देखत पेन काढलं, आणि एका कवडीपुढचं 'आउट' खोडलं.

तुम्ही म्हणाल, कवड्या चांगल्या पडल्या म्हणून पत्ता कसा चुकीचा ठरतो? दाण्यांचं काय झालं? बरोबर आहे तुमचं. पण हे अमरावतीचे आबासाहेब. कवडी म्हणजे देवीच्या गळ्यातलं लेणं, ते खोटं बोलत नाही, ही त्यांची लहानपणापासूनची श्रद्धा. इतर वेळी त्या कवड्या होत्या. त्या दिवशी, एवढ्या फेकीत एकदाही 'एक' आली नाही, तेव्हा त्यांच्या लेखी तो कौल झाला. आणि कौलापुढं ते कुठली डाळ शिजवणार?

"पोरा," ते म्हणाले, "म्या तुले कमी समजलो. कवड्यायनं कौल देल्ला. जा नागपूरले आन् तुझ्या मनासारखा खेळ. उचल!"

नारायण वाकला, त्यांच्या पायाला हात लावला आणि वर आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. माझेही भरले, लपवून काय करू. सगळी बैठक नुसती ओरडत होती.

यानंतर काही दिवसांनी, शनिवारी सकाळी, अकोल्याहून एक पक्षकार आला. आबासाहेबांपुढं त्यानं फडक्यात बांधलेली पुरचुंडी ठेवली. "आमच्या वकीलसाहेबांनी देल्ली. म्हणे, त्या दिवशी तुमाले आमच्या कवड्या भल्ला पसंत पडल्या, म्हणून तशाच दुसऱ्या धाडल्या."

आबासाहेब खूश! गाठ सोडली, एक कवडी उचलली, चोळली, उलटी केली. आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

त्यांनी कवडी माझ्या तळहातावर ठेवली. पाठ सपाट. दगडावर घासून घासून फुगीर भाग पार काढून टाकलेला. अकोल्याच्या त्या घरात सारीपाट खेळत, आणि सोंगट्यांच्या दानात कवड्या घरंगळू नयेत म्हणून त्या सगळ्या घासलेल्या होत्या. त्यात लबाडी काही नव्हती, त्यांना वाटायचं कवडी अशीच असते. पण सपाट पाठीची कवडी पाठीवर मजेत बसणार. चार काय, पाच काय, सहा काय, पडतच राहणार!

"अरे बाप्पा!" आबासाहेब असे ओरडले की पक्षकार दोन पावलं मागे गेला. "हा कौल नोहे लेका, ही घासेल पाठ हाये! पत्ता खराच होता! आन् म्या त्या पोराले सांगतलं, उचल म्हणून!"

नारायण आदल्या दिवशीच नागपूरला गेला होता. सामना दुसऱ्या दिवशी सकाळी.

आबासाहेबांची त्या दिवशी एक तारीख होती. ते तसेच कोर्टात शिरले, मी मागोमाग. "साहेब, पुढची तारीख मिळावी. मी माझ्या एका पक्षकाराला चुकीचा सल्ला दिला आहे आणि उद्या सकाळी तो त्या सल्ल्याप्रमाणे वागणार आहे. मला नागपूर गाठलं पाहिजे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "दावा स्थावराचा आहे की जंगमाचा?"

"जंगमाचा, साहेब. फारच जंगम."

तारीख मिळाली. मला त्यांनी दंडाला धरून टांग्यात कोंबलं. मी म्हणत होतो, तार करा. "तारेत काय लिवू? कवडीची पाठ घासेल होती? तारबाबू मले येड्याच्या इस्पितळात धाडन!" बडनेऱ्याला पोचलो तर गाडी निघून गेलेली. आबासाहेब फलाटावर उभं राहून त्या गेलेल्या गाडीला शिव्या देत होते. पुढची गाडी मिळाली ती रात्री उशिरा, आणि तीही प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मैदानापर्यंतच्या टांग्यात ते बसलेच नाहीत, पायदानावर उभे राहून टांगेवाल्याला हाकत होते. खरं तर हाकायचं घोड्याला.

पोचलो, आणि पाहतो तो नारायण खेळत होता! आम्ही दोराजवळ जायला आणि बोलरनं चेंडू टाकायला एकच गाठ. बॅट वर आली. चेंडू उचलला. कव्हरवरचा उंच गडी मागे धावला, उडी मारली, त्याच्या बोटांना चेंडू लागला असा मला आजही संशय आहे, आणि चेंडू मागे पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी छातीवर हात ठेवला.

आणि मग, त्या साहेबी मैदानावर, टोपीवाल्या गोऱ्या-काळ्या प्रतिष्ठितांच्या देखत, दोराला पोट लावून ते ओरडले, "नाराण्या! कवड्या घासेल होत्या रे! पत्ता खरा हाये! एक पडली की आउट!"

सगळं मैदान थांबलं. पंच बघायला लागले. निवड करणाऱ्यांतल्या एका टोपीवाल्या साहेबानं शेजाऱ्याला विचारलं, हा कोण. आमच्याकडच्या कोणीतरी गंभीरपणे सांगितलं, त्या खेळाडूचे वकील.

नारायण बॅटीवर रेलून आमच्याकडं बघत राहिला. एवढ्या लांबून चेहरा नीट दिसेना. मग त्यानं मान हलवली. समजलं होतं त्याला. हजार माणसांत त्याला एकट्याला समजलं होतं.

पुढचा चेंडू तसाच, तिथंच. बॅट वर आली, आणि मध्येच, घोड्याचा लगाम ओढावा तशी, खाली आली. चेंडू गवतावरून सरपटत गेला. एक रन.

मग तो दिवसभर खेळला. जेवणापर्यंत खेळला, चहापर्यंत खेळला. समोरचे गडी येत होते, जात होते, नारायण हलेना. एकही चेंडू हवेत नाही. आबासाहेब खिशात हात घालून बसले होते आणि एकही दाणा इकडून तिकडं गेला नाही. माझ्या मांडीवर थापा मारमारून त्यांनी ती लाल केली. निवड करणाऱ्यांच्या माना हलताना दिसत होत्या. तेल्हाऱ्याचं वावर मागे मागे जात होतं, प्रांताचा संघ जवळ जवळ येत होता, आणि हे आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं!

शेवटची षटकं. उन्हं कलली. एक म्हातारा फिरकीवाला चेंडू टाकायला आला, हळू, उंच, अगदी ताटात वाढून ठेवल्यासारखे. कव्हर पुढं ओढलेला. मागे सबंध मैदान मोकळं. आबासाहेब चुळबुळायला लागले. "पाय, पाय... हा उचलाचाच चेंडू... अरे, मांगं कोनीच नाही..." आणि बघता बघता हा माणूस, ज्यानं या एका फटक्यापायी तारीख बुडवली, गाडीला शिव्या घातल्या, सगळ्या नागपुरासमोर तमाशा केला, तोच माणूस खुर्चीवर उभा राहून ओरडला, "उचल, नाराण्या! उचल!"

मी त्यांचा कोट धरून खाली ओढलं. पण नारायणानं ऐकलं होतं. बॅट वर गेली. खूप वर गेली. माझी मान आपोआप मागे झाली. आणि नारायणानं तो चेंडू पायापाशी, हळूच, दाबून टाकला.

संध्याकाळी नावं सांगितली. नारायण संघात होता.

स्टेशनावर तो आम्हाला पोचवायला आला. आनंदानं त्याला धड बोलता येत नव्हतं. गाडीला अवकाश होता. "आबासाहेब," तो म्हणाला, "बापाले तार केली. तुमी नसते आले त म्या उद्या तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं असतो."

"ते जाऊ दे. पेन हाये का?" आबासाहेबांनी कोटातून तो पत्ता काढला. एका कवडीपुढचं खोडलेलं होतं. त्यांनी शेजारी पुन्हा लिहिलं, आउट.

नारायण बघतच राहिला. "दिवसभर एक तरी उचलला का म्या? तरी आउट?"

"तू नाही उचलला. तुझे हात उचलून राहिले होते. म्या पायलं, शेवटच्या चेंडूवर. पत्ता म्या हातावरून लिवतो."

नारायण असा मोकळा हसला की फलाटावरचे हमालही वळून बघायला लागले. मग त्यानं आबासाहेबांना मिठीच मारली.

प्रांताकडून तो पुष्कळ खेळला. आणि मैदानावर त्यानं पुन्हा कधी चेंडू उचलला नाही. वर्तमानपत्रात त्याला भरवशाचा फलंदाज म्हणायला लागले. आबासाहेब ते वाचायचे, घडी घालायचे आणि "भरवशाचा!" असं म्हणायचे, कोणी शिवी दिल्यासारखं. एकदा आम्ही दोघंच होतो, तेव्हा म्हणाले, "त्याले टीममंदी घालाची एवढी घाई झाली मले. पन तो फटका मंग कोनी पायलाच नाही रे. म्याही नाही." आणि रुमाल शोधायला लागले. तो माणूस रडताना मी तेवढ्याच वेळी पाहिला.

पुढं एका उन्हाळ्यात ते तापानं गेले. चार दिवसांच्या आजारात. बार रूममधली त्यांची खिडकीजवळची जागा काही दिवस कोणी घेतली नाही, मग नव्या वकिलांना कोण काय सांगणार, भरून गेली.

पण कवड्यांचा सामना आम्ही सोडला नाही. त्या वर्षी पाळी अमरावतीची होती. अकोलेकर आले. नारायणही आला. खेळ सोडून त्याला दोन-तीन वर्षं झाली होती, तेल्हाऱ्याला शेती बघत होता, केस कानाजवळ पांढरे. पत्ते मांडता मांडता अकोल्याचे यजमान वकील, आता ते पाहुणे, सहज म्हणाले, "नारायणरावांचा पत्ता आता नवा करायला हवा. एवढी वर्षं खेळले, कव्हरच्या हातात एकदाही क्याच दिला नाही. एका कवडीला आउट हे बरं दिसत नाही. आबासाहेब असते तर त्यांनीच बदललं असतं."

सगळ्यांना पटलं. मी पेन काढलंही. तेवढ्यात नारायणानं पत्ता हातानं झाकला.

"हात नका लावू," तो म्हणाला. "मैदानावर म्या नाई उचलला. मी उचलतो तो फक्त अथी, या पत्त्यावर."

मी पेन खिशात ठेवलं. त्यानं आमच्या त्या जुन्या, फुगीर पाठीच्या कवड्या मुठीत घेतल्या आणि फेकल्या. पाच पालथ्या. एक उताणी.

"आउट," मी हळूच म्हणालो.

नारायणाचा चेहरा उजळला. टोपी मागे सारून त्यानं आढ्याकडं मान केली, जसा चेंडू अजून वरच आहे. "आउट त आउट," तो म्हणाला. "पन गेला किती उंच असन, सांगा ना!"

आमच्याही माना आपोआप मागे गेल्या. पण ते सांगू शकेल असा माणूस आमच्यात उरला नव्हता.